आधी काडतूस, मग रायफल

लष्करासाठी नवी स्नायपर रायफल निवडायची चाचणी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मेजर साहेबांनी आम्हा प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. म्हणाले, "स्नायपरच्या हातात कुठलं काडतूस असावं ते लिहा. फक्त काडतूस. रायफलीचं नाव नको, कारण नको. खाली सही करा आणि घडी घालून माझ्याकडे द्या." मला विचार करावाच लागला नाही. १२.७ लिहिलं, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं काडतूस, खाली दोन रेघा ओढल्या आणि कागद देऊन मोकळा झालो.

त्या दोन रेघांमागे एक पोस्ट होती. मध्ये खोल नाला, पलीकडे समोरच्यांच्या बंकरचं भोक. लेझरवर अंतर यायचं अकराशे ऐंशी मीटर. सकाळी अकराशे ऐंशी, संध्याकाळीही अकराशे ऐंशी. मी आणि माझा जोडीदार महिनोन् महिने दगडाआड पालथे पडून त्या भोकाकडे बघत होतो. माणूस दिसायचा, त्याच्या हातातला मग दिसायचा, आणि आमच्या हातात होती ड्रॅगुनोव्ह, सोव्हिएत काळातली स्नायपर रायफल. बघता येत होतं, पण तिथवर पोचायची खात्री देता येत नव्हती. फायर करायचा हुकूम नव्हता ही गोष्ट वेगळी. हुकूम आला असता तर मी साहेबांना काय सांगितलं असतं, या विचाराने झोप लागायची नाही. तेव्हापासून डोक्यात एकच बसलं होतं, मोठी गोळी पाहिजे. सगळ्यात मोठी.

जागा, युनिट आणि चाचणीचे निकाल इथे लिहिणार नाही. तो शब्द नोकरीत दिला होता, पेन्शनीतही तो पाळायचा. पुढे जे आकडे येतील ते जगभर छापलेले, कुणालाही मिळणारे आहेत. माझं स्वतःचं आहे ते एवढंच, की त्या कागदावरचा आकडा कसा बदलला.

ड्रॅगुनोव्हला मी नावं ठेवणार नाही. माझा हात तिच्यावर बसला. सोव्हिएत सैन्याने ती १९६३ साली घेतली. वजन दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या आत, मॅगझिन दहाची, चिखलात पडली तरी चालते. पण तिचं काडतूस १८९१ सालचं, मोसिन रायफलीसाठी झालेलं. बुडाशी बाहेर आलेला काठ आहे, जुन्या जमान्याची खूण. नवीन पोराला वाटतं सात-बासष्ट म्हणजे सात-बासष्ट. पहिला आकडा गोळीचा नावापुरता व्यास, दुसरा खोक्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पण एके-४७ चं ७.६२×३९, आपल्या जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२×५१ आणि ड्रॅगुनोव्हचं ७.६२×५४, हे तिघे नुसते नावाचे भाऊ. एकाचं दुसऱ्यात बसत नाही, आणि गोळीचा खरा व्यासही तिघांचा सारखा नाही. तेव्हा कुणी "कॅलिबर कुठलं?" विचारलं आणि समोरच्याने नुसतं "सात-बासष्ट" म्हटलं, तर अर्धंच उत्तर मिळालं असं समजावं.

तिची खरी अडचण वेगळी होती. हेच काडतूस टी-७२ रणगाड्यातल्या पीकेटी मशीनगनचंही आहे. पुरवठ्याच्या दृष्टीने हे सोन्यासारखं, एकाच जातीचा माल दोघांना चालतो. पण मशीनगनला गोळ्या थोड्या पसरलेल्याच हव्या असतात आणि स्नायपरला सगळ्या एकाच भोकात. रशियनांनाही हे कळलं आणि १९६० च्या दशकात त्यांनी ड्रॅगुनोव्हसाठी म्हणून वेगळं काडतूस काढलं, ९.८ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ८३० मीटरच्या आसपास. त्याच रायफलीतून साधा राउंड, म्हणजे काडतूस, मारला की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, मोठा, तो खास राउंड मारला की एकदम आवळलेला. रायफल तीच, शिस्त घेणारा, म्हणजे नेम धरणारा, तोच.

ही गोष्ट मला लहानपणीच कळायला हवी होती. माझे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दिवाळीत मामी चकल्या तळायला बसली की मामा म्हणायचे, "पीठ एक, हात एक, तेल एक, तरी दुसऱ्या घाण्याची चकली पहिल्यासारखी होत नाही. काडतुसाचंही असंच असतं बघ. पेटीवरचा लॉट नंबर म्हणजे घाणा." आम्ही हसायचो. पुढे रेंजवर शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, लॉट बदलला की झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी यांचा मेळ, पुन्हा तपासायचा, तेव्हा मला मामीची कढई आठवली.

चाचणीचा पहिला टप्पा वाळवंटात. टेबलावर तीन जातींची काडतुसं मांडलेली. ७.६२×५१, ज्याला बाहेर इंचांच्या मापात .३०८ म्हणतात; .३३८ लापुआ मॅग्नम, आणि १२.७×९९, म्हणजे ब्राउनिंगचं पॉइंट फिफ्टी. तुलनेला आमची ड्रॅगुनोव्ह होतीच. एकेक उचलून बघितलं. पहिलं २५ ग्रॅमच्या आसपास, दुसरं पन्नासच्या जरा खाली, तिसरं ११५ ग्रॅमच्या घरात. तिसरं मुठीत धरल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ताकदीच्या हिशेबात सात-बासष्ट साडेतीन हजार जूलच्या आतबाहेर, .३३८ साडेसहा हजारांच्या वर, १२.७ सतरा हजारांच्या पुढे. मी जोडीदाराकडे बघून मान हलवली. तो काही बोलला नाही. तो सांगलीकडचा, बोलायच्या आधी बघणारा.

सातशे मीटरपर्यंत कुणीच कुणापेक्षा फार मागे नव्हतं. तिथे .३०८ हे गुणी काडतूस आहे. धक्का कमी, स्वस्त, बॅरल पाच हजार राउंडांच्या पुढेही साथ देते. साडेआठशे-नऊशेच्या पुढे मात्र त्याचं चित्र बदललं, आणि का बदललं ते तिथेच मला नीट समजलं.

गोळी सुटते तेव्हा आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगात असते. हवा तिला सतत मागे ओढते. वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की तिच्यावरचा हवेचा दाब सगळीकडून बदलतो आणि ती डगमगायला लागते. भोवरा थांबायच्या आधी डोलतो तसं. या जागेपर्यंत माझा हिशेब चालतो, त्यापुढे गोळीची मर्जी. समुद्रसपाटीच्या हवेत .३०८ ची ही जागा आठशे-नऊशे मीटरच्या आसपास येते. .३३८ ची तेराशे-चौदाशेला. बंदूक "किती लांब मारते" हा प्रश्न खरा नाहीच. गोळी आवाजाच्या पुढे कुठपर्यंत राहते, हे विचारायचं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. अंतर आता लेझर सांगतो, वारा कुणी सांगत नाही. माझ्याजवळचा वारा वेगळा, मधल्या वाळूच्या टेकाडावरचा वेगळा, टार्गेटजवळचा आणखी वेगळा. दुपारी तर जमिनीवरून वाफ अशी उकळत होती की टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलायचं. ती वाफ कुठल्या बाजूला कलते ते बघून वारा वाचायचा. माझा जोडीदार यात माझ्यापेक्षा सरस होता. हजार यार्डांवर ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा .३०८ च्या गोळीला सुमारे अडीच मीटर ढकलतो आणि .३३८ च्या गोळीला दीड मीटरच्या आसपास. नुसता मीटरभराचा फरक, असं वाटेल. पण वाऱ्याचा अंदाज माणसाचा असतो आणि तो चुकतोच. चौथा हिस्सा चुकला तर एक गोळी साठ-पासष्ट सेंटिमीटर बाजूला जाते, दुसरी पस्तीस-चाळीस. माणसाच्या छातीची रुंदी आठवली की यातली कुठली बाहेर गेली आणि कुठली काठाशी का होईना लागली, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, ".३३८ जास्त लांब मारते असं नाही, माझी चूक जास्त पोटात घालते."

आणि १२.७? तिसऱ्या दिवशी तिच्यामागे पालथा पडलो. चाप ओढला आणि नळीच्या तोंडाशी वाळूची भिंत उभी राहिली. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा ब्रेक असतो, त्यातून बाजूला फेकलेल्या वायूने दोन्हीकडची वाळू उडवली. टार्गेटवर काय झालं ते मला दिसलं नाही. मागे टेकडीवर मेजर साहेब उभे होते. त्यांनाही टार्गेट दिसलं नाही, मी दिसलो. म्हणाले, "तुझी जागा मला एक किलोमीटरवरून कळली असती." वाळू ओली करा, खाली ताडपत्री अंथरा, उपाय आहेत. प्रत्यक्ष जागेवर दर वेळी ते जमत नाहीत.

मला जास्त लागलं ते ग्रुपचं. १२.७ काडतुसाचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ब्राउनिंगच्या जड मशीनगनसाठी. आजही बहुतेक माल मशीनगनसाठीच बनतो. त्या साध्या मालाने हजार मीटरवर गाडीचं इंजिन फुटेल, रडारची थाळी फुटेल, माणसाच्या आकाराचं टार्गेट भरवशाने लागेलच असं नाही. खास अचूक राउंड असतात आणि त्यांनी जगात मोठमोठे पल्ले मारलेत. २००२ साली अफगाणिस्तानात कॅनडाच्या एका स्नायपरने १२.७ नेच २,४३० मीटरवर नेम साधला होता. पण २००९ साली हेल्मंदमध्ये ब्रिटिश स्नायपरने २,४७५ मीटर गाठले ते .३३८ ने, कितीतरी हलक्या रायफलीतून. हे विक्रम बॅरॅकमध्ये फार ऐकवले जातात. मी पोरांना सांगायचो, त्यात आधी किती राउंड गेले आणि शेवटचा लागला, तेही विचारत जा. आपल्याला पहिला लागायला हवा.

एका संध्याकाळी .३०० विंचेस्टर मॅग्नमचा विषय निघाला. मधला मार्ग, सात-बासष्ट आणि .३३८ यांच्या मधे बसणारा. मेजर साहेबांनी तेव्हा अमेरिकनांच्या एम-२४ ची गोष्ट सांगितली. त्यांच्या लष्कराने १९८८ साली ती घेतली, काडतूस ७.६२×५१. पण रायफलीचा सांगाडा मुद्दाम लांब बोल्टचा ठेवला, कारण पुढे .३०० विंचेस्टर मॅग्नमवर जायचा विचार होता. ते जाणं व्हायला वीसेक वर्षं लागली. मग त्याच जुन्या रायफलींचे सांगाडे वापरून त्यांनी नवी रायफल उभी केली. मला ही गोष्ट फार आवडली. पुढच्या काडतुसाची जागा आधीच सोडून ठेवणारा माणूस कोण होता माहीत नाही, त्याला सलाम.

.३३८ ची गोष्टही साहेबांनीच सांगितली. १९८० च्या दशकात अमेरिकेत हजार मीटरच्या पुढे माणसासाठी म्हणून काडतूस हवं होतं. त्यांनी .४१६ रिग्बी घेतलं, म्हणजे १९११ सालचं हत्ती-रेड्यांच्या शिकारीचं काडतूस, आणि त्याचं तोंड आवळून त्यात ८.६ मिलिमीटरची गोळी बसवली. पण जुनं पितळी खोकं तो दाब सोसेना. फिनलंडच्या लापुआने खोक्याचं बूड जाड केलं, १९८९ साली ते रीतसर नोंदलं गेलं आणि मग त्याभोवती रायफली बांधल्या गेल्या. ड्रॅगुनोव्हच्या वेळी रायफल जुन्या काडतुसाला धरून झाली. १२.७ च्या रायफली मशीनगनच्या काडतुसाला धरून झाल्या. .३३८ हे स्नायपरच्या कामासाठीच जन्मलेलं, आणि ते टार्गेटवर दिसत होतं.

तरी वाळवंटातून निघताना माझा आकडा पक्का बदललेला नव्हता. तो बदलला डोंगरात.

साडेचार हजार मीटरवर पहिला धडा ड्रॅगुनोव्हनेच दिला. दुर्बिणीवरची अंतराची चकती, म्हणजे ड्रम, आठवर लावला, आठशे मीटर, आणि गोळी टार्गेटच्या डोक्यावरून गेली. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. ओढ कमी, म्हणून गोळी कमी पडते. ड्रमवरचे आकडे खालच्या हवेचे. त्यात थंडीने काडतुसातली दारू मंद जळते, वेग थोडा उतरतो, म्हणजे उलट्या दिशेचीही चूक. शिवाय उतारावर मारायचं. तीस अंशाच्या उतारावर सहाशे मीटर असले तरी गोळीच्या पडण्याचा हिशेब ५२० मीटरचा धरावा लागतो. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पण बोटं सुन्न झालेली असताना, पेन्सिलीने वहीत हिशेब करताना त्याचं वजन कळतं. एक सांगायला हवं, विरळ हवेत सात-बासष्टचाही पल्ला वाढतो. डोंगरात लहान काडतूस अगदीच निकामी असं म्हणणाऱ्याने तिथे कधी फायर केलेला नसतो.

दुसरा धडा पाठीने दिला. ठरलं होतं की प्रत्येक जोडीने आपली रायफल, राउंड, दुर्बीण, पाणी, दोन दिवसांचं राशन घेऊन रात्रीतून एका धारेवर चढायचं, उजाडायच्या आत जागा घ्यायची आणि पहिला राउंड मारायचा. एकच. मी हट्टाने १२.७ मागितली. रायफल दहा किलोच्या वर. पन्नास राउंड जवळजवळ सहा किलो. .३३८ चे पन्नास अडीच किलोच्या आत आले असते, सात-बासष्टचे सव्वा किलोत.

रात्री अडीचच्या सुमाराला जोडीदाराने माझ्याकडचे राउंड काढून आपल्या पाठीवरच्या पिठ्ठूत घातले. मी नको म्हटलं नाही, म्हणायला श्वासच नव्हता. तासाभराने आम्ही रायफल बदलून घेतली. परत तासाभराने पुन्हा बदलली. धारेवर पोचलो तेव्हा फटफटलं होतं, म्हणजे उशीर झाला होता. जागा घाईत घेतली. माझी नाडी कानात वाजत होती. शिस्त घेतली तर दुर्बिणीतला क्रॉस टार्गेटच्या खांद्यावरून पोटावर आणि पोटावरून खांद्यावर. दहा मिनिटं थांबलो, तरी उतरेना. शेवटी मारला. बर्फाचा फवारा उठला, दोघंही काही क्षण आंधळे. राउंड डावीकडे गेला होता.

आमच्याआधी तासभर, .३३८ घेतलेली जोडी वर पोचून, घाम सुकवून, वारा वाचून बसली होती. त्यांचा पहिला लागला.

खाली उतरताना जोडीदार त्या सबंध रात्रीत पहिल्यांदा सलग बोलला. "दादा, आपल्या पोस्टवर ही रायफल आपण वर कशी नेली असती? आणि नेली असती, तर एक मारल्यावर तिथून उठून पळालो कसे असतो?" मला उत्तर देता आलं नाही. त्या अकराशे ऐंशी मीटरकडे मी इतके महिने बघत होतो आणि हिशेब केला होता फक्त नाल्यापलीकडचा. अलीकडे पडलेल्या माझाच हिशेब केला नव्हता.

शेवटच्या रात्री वाद झाला, चांगला कडाक्याचा. बहुतेकांचं .३३८ वर एकमत झालं होतं. मी उठून म्हटलं, साहेब, माझी एक अट आहे. सगळे बघायला लागले. मी सांगितलं ते असं. या काडतुसाची किंमत सात-बासष्टच्या कितीतरी पट. नळी साधारण दोन-अडीच हजार राउंडांत उतरायला लागते. म्हणजे होणार काय, तर राउंड जपून ठेवले जातील. पेटीत राहतील, तपासणीला मोजले जातील, आणि पोरगा वर्षातून मोजून फायर करील. त्याच्या हातात जगातलं उत्तम काडतूस असेल आणि वारा वाचायचा सराव नसेल. त्यापेक्षा ज्याने वर्षभर ड्रॅगुनोव्हने रोज फायर केलाय तो मला जोडीला चालेल. .३३८ घ्यायची तर सोबत राउंडांचा आकडा ठरवून घ्या, आणि तसाच दस्ता, तसाच चाप, तशीच दुर्बीण असलेली सात-बासष्टची रायफल सरावाला द्या. पोरं तिच्यावर घासू देत.

एक साहेब म्हणाले, म्हणजे दोन रायफली, दोन प्रकारचा पुरवठा. खर्च वाढतो. बरोबर होतं त्यांचं. पण पुढे २०१९ साली अमेरिकनांनी एमके-२२ निवडली, तिच्यात एकाच सांगाड्यावर तीन नळ्या बदलता येतात, .३०० नॉर्मा, .३३८ नॉर्मा, आणि तिसरी साधी ७.६२×५१, मुख्यतः सरावासाठी. ती बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. घरात कुणाला सांगावं कळेना, म्हणून जोडीदाराला फोन केला. तो म्हणाला, "वाचलं मी. तुमचं भाषण आठवलं."

त्या रात्री मेजर साहेबांनी पुन्हा कोरे कागद दिले. मी .३३८ लिहिलं. खाली लिहिलं, "राउंडांसकट." १२.७ ही मी नाकारली नाही. गाडी, रडार, बंकरचं भोक यासाठी तिला तोड नाही, पण ती जोडीच्या पाठीवर नको, ठरलेल्या जागी पोचवलेली हवी. साहेबांनी मग पहिल्या संध्याकाळचे कागद परत केले. माझ्या १२.७ खालच्या दोन रेघांकडे मी बराच वेळ बघत बसलो.

पुढचं वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे. २०१८ साली आपल्या लष्कराकडून .३३८ च्या ५,७१९ रायफलींची मागणी निघाली, ती पुढे मागे घेतली गेली. उत्तरेकडे थोड्या संख्येने .३३८ आणि १२.७ दोन्ही आल्या. नंतर नियंत्रण रेषेवर फिनलंडची साको टीआरजी-४२ पोचली, तीही .३३८ चीच. बंगळुरूच्या एका खासगी कंपनीनेही .३३८ ची स्वदेशी रायफल केली. माझ्या कागदाचा त्यात काही वाटा होता असं मी म्हणणार नाही. असे कागद शेकडो जातात.

जोडीदार अजून नोकरीत आहे, आता स्वतः उस्ताद. चाचणीनंतर त्याने एक वही घातली होती, थंड नळीच्या पहिल्या राउंडची. दर दिवशीचा फक्त पहिला, बाकीचे नाहीत. तारीख, तापमान, उंची, वारा, लॉट, आणि गोळी कुठे गेली. आता तो पोरांकडून ती लिहून घेतो. गेल्या थंडीत फोन आला तेव्हा मी नेहमीचंच विचारलं, राउंड किती मिळतात रे? त्याने आकडा सांगितला, तो इथे लिहायचा नाही. मग म्हणाला, "दादा, इथल्या एका पोराची चौथी वही चालू आहे."